रायरांची पश्चिमेची भिंत

रायरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीचा ताप बघत होते. कोरोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात उभं करून आपल्या कपाळावर जी पांढरी बंदूक रोखायचे, ती त्यांच्या हातात होती आणि तिचा रोख झोपायच्या खोलीच्या भिंतीवर होता. कमरेला धोतरासारखी वेष्टी, अंगात बनियन, चष्मा कपाळावर चढवलेला. मी दारात उभी राहून भाड्याच्या खोलीबद्दल विचारलं, तर न वळताच त्यांनी थांबायची खूण म्हणून एक बोट वर केलं. बंदूक वाजली. "बेचाळीस," ते म्हणाले. मग वळून तीच बंदूक त्यांनी माझ्या कपाळावर धरली. "छत्तीस आणि सहा. सरी. राहा."

सरी, म्हणजे ठीक. एवढ्यावर मला घर मिळालं. त्याआधी मी चेन्नईत सहा घरमालकांना मुलाखती दिल्या होत्या. एकटी का, लग्न कधी, अंडं तरी खाता का, रात्री किती वाजता परत येता. दोन ठिकाणी तर मी खोटंही बोलून पाहिलं होतं आणि तरी नापास झाले होते. त्यामुळे अंगात ताप नाही एवढ्याच गुणावर पास होणं मला फारच आवडलं.

घर टी. नगरच्या एका आतल्या गल्लीत होतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, हॉर्न आणि माणसांचा लोंढा, आणि इथे मात्र दुपारी कावळासुद्धा आवाज न करता बसायचा. मी ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात नोकरीला होते. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी परत. माझी खोली गच्चीवर होती आणि ती रायरांच्या खोलीपेक्षा जास्त तापायची, पण त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. त्यांचं सगळं लक्ष खालच्या पश्चिमेच्या भिंतीवर होतं.

रायर हे काही त्यांचं नाव नव्हे. तंजावरकडच्या मराठी घरांतल्या माणसांना तिथले तमिळ लोक रायर म्हणतात, आणि आमची सगळी गल्ली त्यांना त्याच नावानं ओळखायची. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी कारकून म्हणून आले ते तिथलेच झाले. रायरांनी स्वतः महाराष्ट्र पाहिला होता तो उत्तरेत जाताना आगगाडीच्या खिडकीतून. तरी माझं मराठी ऐकून ते मान हलवायचे. "तुम्ही लोक फार घाईनं बोलता आहां. अर्धं बोलणं तोंडातच राहतं." ते स्वतः असं जुनं, सावकाश मराठी बोलायचे की पहिले काही दिवस मला कुणीतरी पोथी वाचून दाखवतंय असं वाटायचं. मधेच तमिळ हेल यायचा आणि वाक्य शेवटाला वर चढून बसायचं. त्यांच्यासमोर मी त्यांना मामा म्हणायची, पाठीमागे रायर.

त्यांची नोकरी बंदराजवळच्या मासळीच्या शीतगृहात गेली होती. तीस-बत्तीस वर्षं शुद्ध शाकाहारी माणूस कोळंबी आणि वंजिराच्या, म्हणजे सुरमईच्या, राशींमध्ये स्वेटर घालून हिंडत होता. बाहेर घामाच्या धारा आणि आत बर्फ, आणि या दोहोंच्या मधे फक्त एक भिंत. या भिंतीवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं म्हणा ना. "गारवा आणायचा नसतो, मुली. गारवा राखायचा असतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याची गणती नाही. एसीचा त्यांना मनापासून राग होता. गळक्या घागरीत पाणी भरतात तसं लोक तापलेल्या खोलीत एसी भरतात, असं ते म्हणायचे. घरातला फ्रिज कुणी उघडला की ते जिथे असतील तिथून मोठ्यानं आकडे मोजायला लागायचे आणि चारला येऊन दार ढकलून द्यायचे. एकदा माझा हात दह्याच्या भांड्यापर्यंत पोचला होता तेव्हा चार झाले. हात अडकला तो अडकला, वर मलाच ऐकून घ्यावं लागलं की ओरगडमला लोकांस काय आणायचं ते ठरवून जायची शिस्त लावत नाहीत काय.

ती पांढरी बंदूक दिवसभर त्यांच्या वेष्टीला खोचलेली असायची. इडली, दूध, अंघोळीचं पाणी, दारातली लाल फरशी, सगळ्यांचा ताप बघून व्हायचा. मी संध्याकाळी बसमधून उतरून फाटकात शिरले की आधी कपाळावर बंदूक, मग "या". गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा अडतीस आहे म्हणून अर्धा तास पंख्याखाली बसवून ठेवलं आणि ताक पाजलं. तो बिचारा तीन मजले चढून-उतरून आला होता, त्याला दुसरं काही झालेलं नव्हतं. पुढे तो मुद्दाम त्या घरासाठी वेळ राखून यायला लागला.

या सगळ्यात एक गोष्ट मला जरा उशिरा कळली. घरात मामी नव्हत्या. त्यांचं कुंकवाचं पात्र होतं, जपमाळ होती, स्वयंपाकघरात त्यांच्या हातच्या लोणच्याच्या बरण्या होत्या, पण मामी आदल्या उन्हाळ्यात अड्यारला मुलीच्या फ्लॅटवर गेल्या होत्या त्या परतल्याच नव्हत्या. झोपायच्या खोलीची पश्चिमेची भिंत चौदा इंच जाड, भरीव विटांची, चुन्यात बांधलेली. दुपारभर ती ऊन पिऊन घ्यायची आणि दिवेलागणीपासून पुढे खोलीत ओतायची. मामींच्या अंगावर घामोळं उठलं, झोप गेली, आणि एक दिवस मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना मामी म्हणाल्या होत्या, खोली गार झाली की येतें. रायरांनी ते शब्दशः घेतलं. त्यांच्या लेखी आता प्रश्न फक्त भिंतीचा होता.

रोज संध्याकाळी सहाला ते अड्यारला फोन करायचे. फोन कानाला लावला की कान तापतो म्हणून नेहमी स्पीकरवर. त्यामुळे ते संभाषण मला आणि निम्म्या गल्लीला पाठ होतं.

"मी बोलतों."

"हां."

"आज चाळीस आणि चार."

"सरी."

"काल एकेचाळीस होतं."

"बरं. जेवलां?"

"जेवलों. ठेवतों."

झालं. रोज एवढंच.

मी राहायला गेले त्याच उन्हाळ्यात त्यांनी भिंत आतून गुंडाळायचं ठरवलं. खरं तर असल्या भिंतीला ऊन बाहेरच अडवायला हवं, हे त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं. शीतगृहातही ताप अडवणारं आवरण आधी बाहेरच्या अंगाला लागतं. मी विचारलं, मग बाहेरून का नाही करत? रायर बंदूक पुसायला लागले. बाहेरचं अंग शेजारच्या आवारात उघडत होतं. मधे जेमतेम हातभर जागा, आणि पुढे शेजारच्या टीचरचं अंगण. या टीचर म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, ताठ मानेच्या बाई. त्यांच्याशी रायरांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. कारण विचारलं तर "पाल्यापाचोळ्याचं काहीतरी" एवढंच हाती लागायचं. "पलीकडच्यांस विचारायचं कारणच नाही," रायर म्हणाले. "भिंत आपली, आतलं अंग आपलं. आतून करूं."

मग माझे रविवार गेले. शीतगृहातला कुणी जुना सहकारी थर्माकोलच्या जाड पाट्या घेऊन आला. रायरांनी भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधे पाट्या बसवल्या, सांधे डांबरानं बुजवले, वरून प्लास्टिकचा कागद ताणला, त्यावर प्लायवूड. मी पाट्या धरायच्या आणि ते आरीनं कापायचे. थर्माकोलचे दाणे माझ्या केसांत, डब्यात, ऑफिसच्या ओळखपत्रात जाऊन बसले. सोमवारी पेंट शॉपमध्ये एका गाडीच्या ताज्या रंगावर तसला एक पांढरा दाणा सापडला तेव्हा मी तो कुठून आला असेल याची चौकशी करणाऱ्यांत सगळ्यात पुढे होते.

खोली चार इंचांनी लहान झाली. स्टीलचं कपाट, ज्याला तिकडे सगळे बिरो म्हणतात, त्याचं एक दार उघडेना. विजेची बटणं भिंतीत इतकी खोल गेली की पंखा लावायला मनगटापर्यंत हात आत घालावा लागायचा. पण मेच्या एका दुपारी, चार वाजता, बंदूक वाजली आणि रायरांनी मला गच्चीवरून हाक मारली. भिंतीचं आतलं अंग चौतीसवर होतं. ते तळहात लावून उभे होते. "पाहा," ते म्हणाले, "मेला आहे ताप." त्या दिवशी त्यांनी दोन वेळा फोन केला.

त्यानंतर एकदा मी अड्यारला मामींकडे गेले होते. रायरांनी त्यांच्यासाठी घरचा कढीपत्ता आणि वाळवलेली मिरची दिली होती. मामी लहानखुऱ्या, चटपटीत, आणि बोलायला रायरांच्या बरोबर उलट. मुलीचा फ्लॅट गार होता, वाऱ्यावर होता, पण त्या खिडकीशी बसून खालची रिक्षा स्टँडवरची भांडणं ऐकत होत्या. मला कॉफी दिली, थेट प्रश्न विचारला. "काय म्हणतात?"

"चौतीस झालं म्हणतात. खोली गार झाली."

"तें मजसही म्हणाले. रोज म्हणतात." त्या हसल्या. "ये म्हणाले काय?"

मी आठवून पाहिलं. तसं त्यांना म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"इतकीं वर्षं मासळीबरोबर काम केलं," मामी म्हणाल्या. "मासळीस बोलवावं लागत नाही. ती आणून टाकतात. यांस माणसांस बोलवायची सवयच नाही. मी दिवाळीस येतें म्हणून सांगा. पाहूं काय करतात."

मी निरोप दिला. रायरांनी दिवाळीची तयारी म्हणून प्लायवूडला पिवळा रंग दिला. ये म्हणाले नाहीत.

चेन्नईत पाऊस दिवाळीच्या आगेमागे येतो आणि बंगालच्या उपसागरावरून आला की धुऊन काढतो. त्या वर्षी दहा दिवस लागोपाठ पडला. मामी आल्या, खोलीत शिरल्या आणि नाकाला पदर लावला. मी रोज तिथेच असल्यामुळे मला कळलं नव्हतं, पण खोलीला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. दुसऱ्या सकाळी मामींना खोकल्याची अशी उबळ आली की मुलगी गाडी घेऊन आली आणि फराळाचे डबे तसेच ठेवून त्यांना घेऊन गेली. रायर फाटकात उभे राहिले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बंदूक त्यांच्या हातात होती आणि ती त्यांनी कशावरच रोखली नाही.

मग त्यांनी पिवळं प्लायवूड स्वतःच्या हातानं उखडलं. आतली भिंत काळीहिरवी झाली होती. बाहेरच्या गिलाव्याला तडे होते, पाऊस त्यांतून आत शिरला होता, आणि आतून प्लास्टिक ताणल्यामुळे ते पाणी वाळायला वाटच उरली नव्हती. "मी मूर्ख आहें," रायर म्हणाले. "ही भिंत श्वास घेते. मी तिच्या नाकास प्लास्टिक बांधलं." सगळ्या पाट्या निघाल्या, त्यांच्याबरोबर सडका गिलावाही. चार इंच परत मिळाले. बिरोचं दार उघडलं.

डिसेंबरात त्यांनी एका म्हाताऱ्या मेस्त्रीला शोधून आणलं. हा चुन्याचं जुनं काम जाणणारा. भिजवलेल्या हिरड्याचं आणि गुळाचं पाणी चुन्यात घालून, त्यात भाताचं तूस आणि काथ्या मिसळून असा जाड गिलावा करतो म्हणाला की ताप अडेल आणि भिंत श्वासही घेईल. रायर खुलले. बसल्या जागी त्याला इडली खाऊ घातली, बासष्ट अंशांवर. पण मेस्त्रीनं भिंतीच्या दुसऱ्या बाजूला वाकून पाहिलं आणि हात झटकले. आधी बाहेरचे तडे बुजवा, तोवर मी आत चुन्याचा हात लावणार नाही. पाणी पिणाऱ्या भिंतीला आतून औषध कसलं?

बाहेरचे तडे म्हणजे टीचरचं आवार. म्हणजे विचारणं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. भिंत वाळते आहे, असं रायर म्हणायचे. मार्चमध्ये ती पुरेशी वाळली होती, पण मग ते दुसऱ्याच कामात गुंतले. लांब काठीला ब्रश बांधून आपल्या गच्चीवरून तडे बुजवता येतील का याचा अभ्यास झाला. चुना अर्धा टीचरच्या तुळशीत पडला. टीचरनी खिडकीतून पाहिलं, बाहेर येऊन तुळस धुऊन काढली. मी म्हटलं, "मामा, मी जाऊन विचारू का? दोन मिनिटांचं काम आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फ्रिज उघडा टाकून गावाला निघाले आहे.

मी तेव्हा त्यांच्यावर खरंच चिडले होते. तिकडे मामी खिडकीशी बसून होत्या, इकडे हे ब्रशाला काठ्या जोडत होते. भिंतीमागे लपून बसण्यात हा माणूस तरबेज आहे, असं मी फोनवर माझ्या आईलाही सांगितलं. आई म्हणाली, तुझे बाबा काय वेगळे आहेत?

मेच्या सुरुवातीला, अग्निनक्षत्र, म्हणजे तिकडचे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधीच्या रविवारी सकाळी, मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर गच्चीवर रायर होते आणि त्यांच्याबरोबर दोन रंगारी. पाण्याच्या टाकीला जाड दोर बांधलेला, दोराच्या टोकाला झोपाळ्याची फळी, आणि त्या फळीवर रायर बसलेले. मांडीवर चुन्याची बादली. उंच इमारतींना रंग देणारे असेच उतरतात, असं त्यांनी मला समजावलं. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मी ओरडले, रंगाऱ्यांच्या हातापाया पडले. ते दोघे म्हणाले, रायर सार ऐकत नाहीत, आम्ही नसतो आलो तर एकटेच उतरले असते. मी दोर धरायला धावले तोवर रायर कठड्यापलीकडे गेलेही होते.

पाचेक फूट ते छान उतरले. मग छज्ज्याच्या कोपऱ्यात दोर अडकला. ना वर, ना खाली. रंगारी ओढतात, दोर फक्त करकरतो, आणि रायर टीचरच्या अंगणावर दहा-बारा फूट उंचीवर सावकाश गोल फिरताहेत, एकदा भिंतीकडे तोंड, एकदा टीचरच्या दाराकडे.

दार उघडलं. टीचर बाहेर आल्या. वर पाहिलं. आत गेल्या, प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सावलीत बसल्या. रायर फिरून समोर आले की दोघांची नजरानजर व्हायची, पुन्हा ते भिंतीकडे वळायचे. मी वरून बघत होते. त्या बाईच्या तोंडावर हसू नव्हतं, पण तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला, एवढं मी पाहिलं.

"कापी वेणुमा, रायर?" शेवटी टीचरनी विचारलं. कॉफी हवी का?

"वेण्डाम," रायर म्हणाले. नको.

एक फेरा पूर्ण झाला. टीचरच्या भिंतीला टेकून लाकडी शिडी उभी होती, अगदी समोर. तमिळमध्ये तिला एणि म्हणतात. रायरांना ती दिसत होती, मला दिसत होती, रंगाऱ्यांना दिसत होती. मी वरून ओरडणारच होते, पण थोरल्या रंगाऱ्यानं मला हातानं थांबवलं. त्याचं बरोबर होतं. शिडी मागायची ती रायरांनीच.

आणखी एक फेरा. त्यानंतरचा अर्धा. चुन्याची बादली मांडीवरून घसरून खाली गेली आणि अंगणात पांढरा डाग पडला. रायर दाराकडे तोंड करून आले तेव्हा त्यांनी पायानं भिंतीला रेटा देऊन फेरा थांबवला.

"टीचर," ते म्हणाले. आवाज बारीक होता. "एणि कुडुंगो."

शिडी द्या. सात वर्षांनी एवढे दोन शब्द. टीचर लगेच उठल्या. शिडी त्यांनी स्वतः ओढत आणली, भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी पक्की धरून उभ्या राहिल्या. मी जिन्यावरून धावत खाली जाऊन, गल्लीतून वळसा घालून त्यांच्या फाटकातून आत शिरले तोवर रायर शेवटच्या पायरीवर होते.

भिंतीच्या बुडाशी एक तोडलेलं खोड होतं. आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे होतो. मग मला ते पाल्यापाचोळ्याचं प्रकरण टीचरच्या तोंडून कळलं. तिथे टीचरचा मोठा कडुलिंब होता. त्याचा पाला रायरांच्या गच्चीच्या पन्हळीत अडकायचा, म्हणून त्यांनी महापालिकेत तक्रार केली. माणसं येऊन दोन फांद्या छाटा म्हणाली. टीचरनी रागानं सगळं झाडच तोडवलं आणि त्या दिवसापासून बोलणं टाकलं. पश्चिमेचं ऊन त्या झाडानं अंगावर घेतलं होतं. ते गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात भिंत तापली.

"मज ठाऊक होतं," रायर माझ्याकडे न पाहता मराठीत म्हणाले. "पहिल्या वर्षीच कळलं. चार वाजतां भिंतीस हात लावला आणि कळलं. मग कोणत्या तोंडानं येथे येऊं?" माणसाच्या अंगात एवढा ताठा आणि त्याच्या आत एवढी लाज असेल, असं मला वाटलं नव्हतं. ज्या माणसावर मी चार महिने चिडले होते तो चुन्यानं पांढरा होऊन उभा होता.

टीचरना मराठी कळत नव्हतं. त्यांना कळायची गरजही नव्हती. "उद्यापासून मेस्त्रीला पाठवा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "सकाळी सहानंतर. त्याआधी माझी पूजा असते. आणि तुळशीवर काहीतरी झाका." रायर वाकून सांडलेला चुना हातानं गोळा करायला लागले. टीचरनी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं आणि कॉफी आणायला आत गेल्या. या वेळी विचारलं नाही.

घरी आल्यावर रायरांनी अंघोळ केली आणि फोन घेऊन बसले. सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे फोनची वेळ नव्हती. पलीकडून मामींचा घाबरलेला आवाज आला. "काय जाहलं?"

"काही नाही. मी बोलतों."

"हां. किती आहे?"

रायरांनी मान वर केली. भिंत त्यांच्या समोरच होती, उघड्या विटांची, डागांची, गिलाव्याचा पत्ता नाही. बंदूक मांडीवर होती. "पाहिलं नाही," ते म्हणाले.

स्पीकरवर तिकडच्या रिक्षा स्टँडवरचं भांडण ऐकू येत होतं.

"तूं ये," रायर म्हणाले. "खोली गार नाही. तशीच आहे. पण तूं ये."

मी कपड्यांची बादली घेऊन दारात उभी होते आणि निर्लज्जपणे ऐकत होते. मामींनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "इडलीचे तांदूळ भिजत घालूं नका. मी आल्यावर घालतें." फोन बंद.

त्याच दुपारी चार वाजता मामी रिक्षातून उतरल्या, ऐन ताप चढतो त्या वेळेला. दोन पिशव्या, एक उशी, आणि मुलीच्या बिल्डिंगमधल्या लिफ्टबद्दल सव्वीस तक्रारी. खोलीत शिरल्या, भिंतीला पालथा हात लावून पाहिला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि त्याच खोलीत चटई टाकून, पदरानं वारा घेत बसल्या. रायर उंबऱ्यात उभे होते. शेवटी ते ओला टॉवेल घेऊन आले आणि तो कसा घडी घालून द्यावा यावर दोघांचं भांडण सुरू झालं.

पुढे मेस्त्री आला. आधी बाहेरचे तडे बुजवून वरून पांढरी सफेती केली, आणि आत चुना, तूस, हिरडा आणि गूळ. गुळाच्या वासानं पहिल्या आठवड्यात भिंतीवर मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि मामींनी मेस्त्रीला असं काही सुनावलं की तो हसत हसत हळदीची पुडी घेऊन आला. टीचर रोज संध्याकाळी काम बघायला यायच्या आणि जाड-बारीक मोजमापांत चुका काढायच्या. मला नंतर चाकणची बदली मिळाली आणि मी चेन्नई सोडली. इथे कुणी उन्हाळ्याची, घराची, एसीची गोष्ट काढली की मी रायरांच्या भिंतीची सांगते, आणि ऐकणारे नेहमी विचारतात, मग खोली गार झाली म्हणून त्या परत आल्या का? भिंत गार झाली ती पुढे जुलैत. मामी आल्या त्या मेमध्ये, ती तापलेली असतानाच.